तान्ह्या बाळाचे रडणे, गोड गोळ्या आणि बेचाळिसावा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत अलीकडेच तान्ह्या बाळांच्या पोटात धरणाऱ्या वायूवर आणि पोटशूळावर गुणकारी म्हणून काही होमिओपॅथिक औषधांची नावे त्यांच्या पोटेन्सीसह (म्हणजे औषध किती वेळा पातळ केले त्याच्या आकड्यासह) प्रसिद्ध झाली. कॅमोमिला, कोलोसिंथिस, मॅग फॉस, लायकोपोडियम, नक्स व्होमिका अशी ती यादी होती. मी जळगाव जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. ओल्या बाळंतिणींच्या घरी जाणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता आणि आजही पाचोऱ्यात आमच्या गल्लीतल्या लेकीसुना बाळ रडू लागले की आधी माझे दार वाजवतात. पुरवणी आली त्या आठवड्यात एक आजी कात्रण घेऊनच आल्या आणि ‘ताई, पोऱ्या रातभर रडस, कोनती गोयी देऊ?’ असे विचारू लागल्या. गोळी निवडण्याआधी जे पाहायला आणि समजून घ्यायला हवे, त्याबद्दल लेखात जवळजवळ काहीच नव्हते. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

धडधाकट, अंगावर व्यवस्थित पिणारे आणि वजनात वाढणारे बाळ जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी, बहुधा दिवस कलल्यावर, दिसेल असे कारण नसताना तासन्‌तास रडू लागते. ते मुठी आवळते, गुडघे पोटाशी घेते, तोंड लालबुंद होते, पोट टणक लागते, वारा सरतो आणि अंगावर घेतले तरी रडणे हटत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये याची एक सोपी व्याख्या केली. दिवसाला ३ तासांहून अधिक, आठवड्यातून ३ दिवसांहून अधिक आणि ३ आठवड्यांहून अधिक काळ चालणारे रडणे म्हणजे पोटशूळ, असे त्यांनी म्हटले. पुढे २०१६ च्या नव्या निकषांत हा तीनाचा हिशेब सैल करण्यात आला, कारण कोणतीही आई तीन आठवडे घड्याळ लावून बसत नाही. साधारणपणे पाच बाळांतील एकाला हा त्रास होतो. अंगावर पिणाऱ्यांनाही होतो आणि वरच्या दुधावरच्यांनाही होतो. त्याचे एकच एक कारण अजून ठरलेले नाही. पोटातला वारा हे कारण म्हणून सर्रास सांगितले जाते, पण रडता रडता बाळ हवा गिळते, त्यामुळे पुष्कळदा वारा हा रडण्याचा परिणाम असतो.

या रडण्याचा काळ नीट पाहिला तर औषधांच्या कीर्तीचे निम्मे कोडे तिथेच सुटते. साधारण सहाव्या आठवड्यात ते सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत कोणी काही केले नाही तरी ओसरते. घरातले लोक औषध शोधायला निघतात ते रडणे असह्य झाल्यावर, म्हणजे नेमके ते सर्वाधिक असताना. त्या दिवशी गोड गोळी दिली, बेंबीभोवती हिंग लावला, मीठ-मोहरीने दृष्ट काढली किंवा नुसते दात-ओठ खाऊन दिवस काढले, तरी पुढच्या काही आठवड्यांत बाळ शांत होणारच असते. मग जो उपाय सर्वांत शेवटी केला त्याला यश मिळते आणि त्याचे नाव गल्लीभर होते. आधी केलेले तीन उपाय मात्र ‘लागू पडले नाहीत’ म्हणून विस्मृतीत जातात. गुण औषधाचा की वाढत्या वयाचा, हे ठरवायचे तर बाळांचे दोन गट करून एकाला औषध आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, तशाच चवीच्या नुसत्या साखरेच्या गोळ्या द्याव्या लागतात, आणि कोणाला काय दिले हे आई-वडिलांपासूनही लपवावे लागते. पोटशूळावरच्या अशा चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गटातील बाळांचे रडणेही बरेच कमी होते. हे ज्याला माहीत नाही त्याला कोणतेही औषध रामबाण वाटेल.

आता त्या यादीकडे येते. होमिओपॅथीच्या जुन्या ग्रंथांत या औषधांची लक्षणे फार बारकाईने लिहिलेली आहेत आणि ती वाचताना मला लिहिणाऱ्यांबद्दल आदरच वाटतो. कोलोसिंथिस हे कडूवृंदावनाच्या फळापासून करतात. बाळ वेदनेने दुमडते आणि पोट दाबले की त्याला बरे वाटते, ही त्याची खूण. मॅग फॉसचे बाळ उबेने आणि हळुवार चोळण्याने निवते. कॅमोमिलाचे बाळ चिडके असते, कशानेही त्याचे समाधान होत नाही, कडेवर घेऊन फिरवले तेवढा वेळच गप्प राहते. लायकोपोडियमचा त्रास दुपारी चार ते रात्री आठ या वेळात बळावतो. हे सारे खरे आहे. पण ही चार निरनिराळ्या प्रकृतीच्या बाळांची वर्णने नसून एकाच पोटशूळाची आहेत. बहुतेक सगळीच बाळे संध्याकाळी जास्त रडतात, दाबाने, उबेने आणि फिरवण्याने थोडी निवतात आणि खाली ठेवली की पुन्हा सुरू होतात. ज्या गोष्टींनी बाळाला बरे वाटते त्या या वर्णनांतच आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. ग्रंथातले निरीक्षण घ्यावे आणि बाटली दुकानातच राहू द्यावी, असे मला वाटते.

बाटलीत काय असते, तेही सांगायला हवे. जर्मनीतील डॉ. सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मूळ द्रव्याचा एक भाग शंभर भागांत मिसळून घुसळतात, त्यातला एक भाग पुन्हा शंभर भागांत, आणि ‘३०’ पोटेन्सीसाठी असे तीस वेळा करतात. रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणूसुद्धा शिल्लक असण्याची आशा उरत नाही. म्हणून ३० किंवा २०० पोटेन्सीच्या, ज्यांना आपल्याकडे साबुदाण्याच्या गोळ्या म्हणतात, त्या औषधाच्या दृष्टीने निरुपद्रवी असतात, कारण त्यांत साखरच असते. कमी पोटेन्सीचे आणि मदर टिंक्चरचे (म्हणजे पातळ न केलेल्या मूळ अर्काचे) मात्र तसे नाही. ‘३ एक्स’ म्हणजे हजारात एक भाग, आणि द्रव्य विषारी असेल तर तान्ह्या जिवाच्या बाबतीत हा प्रश्न किरकोळ राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दात येण्याच्या त्रासावरील होमिओपॅथिक गोळ्या बाळांना देऊ नयेत असा इशारा दिला आणि २०१७ मध्ये तपासणीअंती सांगितले की, त्यांतील बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण गोळीगणिक बदलते आणि काही गोळ्यांत ते लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्या गोळ्या पोटशूळाच्या नव्हत्या, हे खरे. पण बेलाडोना पोटातल्या कळांवरही सांगितले जाते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय काहीही चाटवू नये. पातळ औषधांत बहुधा अल्कोहोल असते. आपल्या औषध नियमांत १२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले होमिओपॅथिक औषध किरकोळ विक्रीत ३० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत भरता येत नाही, ते उगीच नव्हे.

मला तर गोळीपेक्षा तिच्या सोबत जाणाऱ्या चमचाभर पाण्याची जास्त काळजी वाटते. आपल्याकडे गोळ्या पाण्यात विरघळवून पाजतात, दिवसातून तीन-चार वेळा, आणि एकदा चमचा घरात आला की त्यातून मग साखरपाणी, बडीशेपेचे पाणी, ओव्याचे पाणी सगळेच जाऊ लागते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हे आम्ही वर्षानुवर्षे घरोघर सांगत आलो. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते आणि जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो तेव्हाही बाळाला ते पुरते. फक्त आईने भरपूर पाणी प्यावे आणि बाळाला जास्त वेळा पाजावे. वैशाखात आमच्या कित्येक गावांत टँकर येतो. त्या पाण्याने जुलाब लागले तर पोटशूळ परवडला असे म्हणायची वेळ येते. कोरडी गोळी थेट तोंडात टाकणेही नको, ती घशात अडकू शकते.

पुराव्याबद्दल थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या संसदीय विज्ञान समितीने २०१० मध्ये होमिओपॅथीचा परिणाम नुसत्या साखरेच्या गोळीहून अधिक नाही असा निष्कर्ष काढला, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये कोणत्याही आजारात ती गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही असे जाहीर केले आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये ही औषधे लिहून देणे थांबवण्याची शिफारस केली. बाळांच्या पोटशूळाचा वेगळा विचार केला तरी भर टाकावी असे भक्कम काही हाती लागत नाही.

पण यावरून ॲलोपॅथीच्या दुकानदारांनी मिशीला पीळ देऊ नये. पोटातला वारा मोडण्यासाठी सर्रास दिले जाणारे सिमेथिकोनचे थेंब चाचण्यांत नुसत्या गोड थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. डायसायक्लोमिन हे कळ थांबवणारे औषध तर सहा महिन्यांखालील बाळाला देऊच नये, कारण त्याने श्वास थांबण्याचे आणि झटके येण्याचे प्रकार घडलेले आहेत. तरीही मोठ्या भावंडाची उरलेली बाटली फळीवरून काढून धाकट्याला पाच थेंब देणारी घरे मी पाहिली आहेत. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी बाजारात आणले तेव्हा त्यात अल्कोहोल होते. बाळ गप्प होण्यात त्याचा वाटा नसेल असे कोण म्हणेल? पुढे ते काढून टाकले गेले. आपल्या जुन्या मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ चाटवत, तीही पोरे निजून राहावीत म्हणूनच. घरच्या गुटीबद्दलही माझे मत कडक आहे. सहाणेवर उगाळलेले जायफळ बाळाला गुंगी आणते, आणि गुटीत मध घालणे तर एक वर्षापर्यंत पूर्ण वर्ज्य, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम हा बाळाचे स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या उपयुक्त जिवाणूच्या थेंबांनी अंगावर पिणाऱ्या बाळांचे रडणे काहीसे कमी होते असे दिसून आले आहे. ते मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावेत.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांविषयी मला अनादराने काही म्हणायचे नाही. चोपडा, यावल, शिरपूर भागात सातपुड्याच्या पायथ्याच्या कितीतरी गावांत रात्री दार उघडणारा एकमेव डॉक्टर बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा पदवीधर असतो. साडेपाच वर्षे शिकून आलेल्या या मंडळींना बाळ तपासता येते. शिवाय त्यांची पद्धतच अशी की आई काय सांगते ते ते सविस्तर ऐकून घेतात. आमच्या सरकारी दवाखान्यात रांगेतल्या बाईला दोन मिनिटे मिळणे मुश्कील असते. झोप नसलेल्या, सासूचे आणि शेजारणीचे ऐकून घेणाऱ्या बाईला कोणी अर्धा तास बसवून विचारपूस केली तर तिचा जीव थोडा थाऱ्यावर येतो आणि तो आला की बाळ सांभाळण्याचे बळही येते. या डॉक्टरांना माझी विनंती एवढीच आहे की, पुडी बांधण्याआधी बाळाचे सगळे कपडे काढून त्याला तपासावे, वजन करून कार्डावर लिहावे आणि ‘हे तीन महिन्यांपर्यंत आपोआप कमी होईल’ हे वाक्य आईला स्पष्ट सांगावे. मग पुडी दिली काय आणि न दिली काय.

कपडे काढून तपासण्याबद्दल एवढा आग्रह का, तेही सांगते. आईचा गळलेला एखादा केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट काळेनिळे पडते आणि बाळ आकांत करते, पण झबले-मोज्यांमुळे ते कोणाला दिसत नाही. जांघेत हर्नियाची टणक गाठ आलेली असू शकते, ती लंगोटाखाली झाकलेली राहते. तीन महिन्यांखालील बाळाला ताप असणे (लशीनंतरचा एक-दोन दिवसांचा सोडून), हिरवी उलटी, अंगावर पिणे सोडणे, शीमध्ये रक्त किंवा लाल जेलीसारखी शी, टाळू फुगणे, हाक मारली, गुदगुल्या केल्या तरी बाळ मलूल पडून राहणे, वजन न वाढणे, यांतले एकही लक्षण असेल तर ते पोटशूळ नव्हे. तेव्हा गोळीची निवड करीत बसू नये, बाळाला त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे. आतडे आतड्यात शिरलेल्या बाळाला काही तासांत उपचार मिळाले तर वाचवता येते. साखरेची गोळी स्वतः काही बिघडवत नसेल, पण ‘उद्या सकाळपर्यंत गुण येतो का पाहू’ म्हणून घालवलेली रात्र बिघडवू शकते, आणि धडगावसारख्या भागातून नंदुरबारला पोहोचायलाच किती वेळ लागतो हे तिथल्या लोकांना सांगायला नको.

साध्या पोटशूळात काय करावे, हे आपल्या घरांत अर्धे तरी माहीत असते. बाळाचे तोंड नुसत्या बोंडीवर न ठेवता भोवतीचा काळा भाग तोंडात जाईल असे धरावे, म्हणजे हवा कमी जाते. एका बाजूचे दूध पूर्ण संपल्यावर दुसरी बाजू द्यावी. पाजून झाल्यावर खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी. पालथ्या हातावर पोट टेकवून बाळाला घरभर फिरवावे, उघड्या छातीशी धरावे, पाय सायकलसारखे हलके हलवावेत. झोळीत हळू झोका द्यावा, पण रागाच्या भरात किंवा खेळ म्हणूनही बाळाला गदागदा हलवू नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. रडणे अगदीच सहन होईनासे झाले तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून पाच मिनिटे अंगणात जाऊन यावे. यात कमीपणा नाही. आणि ही पाळी एकट्या आईची नाही. बाप, आजोबा, काका यांनाही खांदे आहेत.

खान्देशातल्या घरांत एक अन्याय हमखास होतो. बाळ रडले की बाळंतिणीचे ताट कमी होते. वांगे वातूळ, हरभऱ्याची डाळ वातूळ, उडीद नको, पालेभाजी नको, असे करत ती पोर वरण-भातावर येते. आईच्या आतड्यातला वारा दुधात उतरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, ते कोठून यावेत? क्वचित एखाद्या बाळाला गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते आणि मग आईला दूधदुभते काही दिवस बंद करायला सांगतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे, सासूबाईंचा नव्हे. मी स्वतः सासू आहे, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

शेवटची गोष्ट शासनासाठी आहे. घरच्या घरी नवजात बालक काळजीच्या कार्यक्रमात दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. त्यानंतरची ठरलेली गृहभेट तिसऱ्या महिन्याची. म्हणजे रडणे ज्या सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते तिथेच आशाताईंची पाळी संपते, आणि पुढचे कठीण आठवडे कुटुंबाने एकट्याने, शेजारच्या सल्ल्यावर आणि दुकानातल्या बाटलीवर काढायचे असतात. त्यातच दीड महिन्याच्या लसी याच सुमारास येतात. लशीने एक-दोन दिवस ताप येतो, बाळ किरकिरते, हे ठीक. पण नंतरचे आठवडाभराचे रडणेही ‘डोस’च्या माथी मारले जाते आणि अडीच महिन्यांच्या लशीला काही आया येतच नाहीत. चाळीसगाव-पारोळ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर ४२ व्या दिवसाची भेटसुद्धा चुकते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी यासाठी वेगळा निधी मागण्याची गरज नाही. २८ आणि ४२ व्या दिवसाच्या भेटीत आशाताईंनी रडण्याबद्दल स्वतःहून विचारावे, ते कधी वाढेल आणि कधी ओसरेल हे घरातल्या पुरुषांसमक्ष सांगावे, धोक्याची लक्षणे माता व बाल संरक्षण कार्डावर अधोरेखित करून द्यावीत, आणि जे बाळ फार रडते त्याच्या घरी दहाव्या आठवड्याच्या लसीकरणाआधी एक जास्तीची फेरी मारावी. त्या जास्तीच्या फेरीचे मानधन मात्र आशाताईंना मिळाले पाहिजे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
पाचोरा, जि. जळगाव